अडुसष्टच्या आत

महिन्यातून एकदा वजनाचा दिवस आला की पाड्यातली अंगणवाडी सकाळपासून गजबजायची. आढ्याला टांगलेला काटा, त्याला अडकवलेली कापडी झोळी, झोळीत हातपाय झाडणारं एखादं पोर आणि भोवती पदर तोंडाशी धरून उभ्या राहिलेल्या आया. अंगणवाडीताई चंद्रा चष्मा कपाळावर चढवून काट्याजवळ तोंड नेई आणि आकडा मोठ्याने वाचे. मागच्या महिन्यापेक्षा आकडा वर गेलेला असला की भिंतीला टेकून बसलेली सगळी पोरं टाळ्या वाजवत. ही रीत चंद्रानेच घातलेली. मोखाड्याच्या बाजूच्या त्या डोंगरपाड्यावर तिला हे काम लागलं तेव्हा पोरांचे हातपाय कुडाच्या काटक्यांसारखे असत. वजन वाढलं म्हणजे घरात काहीतरी चांगलं घडलं, हे आयांच्या मनावर ठसावं म्हणून तिने हा खेळ काढला होता. वीस-बावीस वर्षांत तो पाड्याच्या अंगवळणी पडला.

त्या वर्षी चैत्रात, वजनं आटोपून बाया घरी गेल्यावर, चंद्रा गरोदर बायांसाठी ठेवलेल्या काट्यावर स्वतः चढली. पोरं खिचडीची वाट बघत होती. मदतनीस सुकरी हातातला डाव तसाच घेऊन पुढे आली आणि वाकून आकडा बघू लागली.

“ऐंशी,” सुकरी म्हणाली. “शिमग्याला किती होतं गं, चंद्राबाय?”

“तू नको बघू. खिचडी खाली लागेल.”

“एकोणऐंशी होतं. माझ्या ध्यानात हाय. वाढलं म्हणजे.” आणि पोरांकडे वळून तिने सांगून टाकलं, “ताईचं वजन वाढलं रे.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

चंद्रा खाली उतरली. तिला हसू आलं. सुकरीला बिचारीला काय माहीत, की हा आकडा अडुसष्टच्या आत आल्याशिवाय चंद्राची किडनी तिच्या भावाला बसणार नव्हती. सुकरीलाच काय, पाड्यात कुणालाही ते माहीत नव्हतं. चंद्राने सांगितलंच नव्हतं.

भाऊ म्हणजे मंगेश. तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. मोखाडा ते जव्हार जीप चालवायचा, रविवारी शहरातली माणसं आली की त्यांना शिरपामाळ दाखवून आणायचा. गाडीत बसलेल्या माणसाला उतरेपर्यंत आपला नातेवाईक करून सोडणारा, अशी त्याची ख्याती. चंद्राचं लग्न जव्हारपलीकडे वांगणीला झालं होतं. तिथे तिचा नवरा तरणाताठा असताना सर्पदंशाने गेला. सासरच्यांनी तिला जा म्हटलं नाही, पण राहा असंही कुणी म्हणेना. तेव्हा मिसरूडही न फुटलेला मंगेश कुणाची तरी सायकल मागून वांगणीला गेला, बहिणीची पत्र्याची पेटी मागे बांधली आणि निम्मी वाट सायकल हातात धरून तिच्या बाजूने चालत तिला घरी घेऊन आला. पुढे त्याने स्वतःचं घर बांधलं तेव्हा आधी बहिणीची खोली बांधली आणि मग आपली. चंद्राला मूलबाळ नव्हतं. मंगेश, त्याची बायको कविता आणि त्यांची दोन पोरं, एवढंच तिचं जग होतं.

त्याआधीच्या पौषात मंगेशचे पाय सुजले. जीपमध्ये चढताना धाप लागू लागली. नाशिकला दाखवलं तर डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वर्षानुवर्षं चढलेला राहिलाय, दोन्ही किडन्या गेल्या. जीप चुलत्याच्या मुलाच्या, पोश्याच्या हाती गेली आणि मंगेश आठवड्यातून दोनदा नाशिकला रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनवर जाऊ लागला. किडनी बदलायची तर घरचं कुणी देणारं हवं. कविताचा रक्तगट जुळेना. चंद्राचा जुळला. त्या दिवशी तिने देवापुढे नारळ फोडला आणि त्यातलं अर्धं खोबरं बोलता बोलता स्वतःच खाऊन टाकलं.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला आत एकटीला बोलावलं. डॉक्टरांनी कागद चाळले, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “ताई, उंचीच्या मानाने तुमचं वजन फार आहे. साखरही काठावर आहे. अशा अंगातून एक किडनी काढली तर पुढे तुम्हालाच मशीनवर बसावं लागेल. आधी अडुसष्टच्या आत या. मग बाकीच्या तपासण्या करू.”

मग तिला हर्षदा नावाच्या मुलीकडे पाठवलं. काय खायचं, किती खायचं हे सांगण्याचं काम त्या मुलीचं. चांगली होती, आवाज न चढवता बोलायची.

“भात कमी करा ताई. त्याऐवजी रागी खात जा.”

“रागी काय असतं?”

हर्षदाने फोनवर चित्र दाखवलं. चंद्रा बघतच राहिली. “ही तर नाचणी. नाचणी खाऊनच मोठी झाले मी. भात तेव्हा पाहुणा आला तर दिसायचा.”

“मग सोपंच आहे तुम्हाला,” हर्षदा हसली. “आणखी एक विचारू? काळजी वाटली की खाता का तुम्ही? भूक नसताना?”

“काळजी वाटली की घास कुणाला जातो, बाई?” चंद्रा म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटत होतं. पण जिना उतरताना तिचं लक्ष गेलं. तिचा हात पिशवीत होता, कविताने दिलेला चिवड्याचा पुडा फुटलेला होता आणि निम्मा संपला होता. कधी फोडला, कधी खाल्ला, काही आठवेना.

त्याचं मूळ फार जुनं होतं. चंद्राच्या लहानपणी आषाढ लागला की घरातली कणगी रिकामी व्हायची ती नवं धान्य येईपर्यंत. रानातली भाजी, नाचणीची पातळ आंबील आणि उकडून उकडून कडूपणा घालवलेले कंद यांवर ते दिवस निघायचे. त्या दिवसांत घरात काळजी एकच असे आणि ती पोटाची असे. आई चुलीपुढे गप्प बसली की पोरांच्या पोटात खड्डा पडे. कुठून तरी मूठभर नाचणी आली, भाकरी झाली, की भूकही जाई आणि काळजीही जाई. दोघी एकाच वाटेने यायच्या आणि एकाच वाटेने जायच्या. पुढे दिवस बदलले, कणगी भरली, पगार आला. पण काळजी वेगळी आणि भूक वेगळी हे चंद्राच्या पोटाला कुणी शिकवलंच नाही. नवरा गेला तेव्हाही ती अशीच खात सुटली होती आणि वांगणीच्या बायांनी तिला नावं ठेवली होती.

परतीच्या वाटेवर, कसाऱ्याहून सुटलेल्या एसटीत, मंगेशने विचारलं, “काय म्हणाले गं बाय, आत?”

चंद्रा खिडकीबाहेर बघत राहिली. भावाचा जीव आपल्या पोटाच्या घेरात अडकलाय, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? “अजून तपासण्या हायत,” ती म्हणाली. “वेळ लागतो त्यांना.”

“लागू दे,” मंगेश म्हणाला आणि मान मागे टेकून त्याने डोळे मिटले.

पाड्यावरही तिने तेवढंच सांगितलं. मी किडनी देणार आहे, दिवस ठरायचाय. वजनाचं बोलली नाही. बावीस वर्षं जिने दारोदार फिरून “खा गं, दोन जिवांची हायस, अंगावर मांस चढू दे” म्हणून बायांना दटावलं, ती आता वजन उतरवायला निघालीय, हे ऐकून पाडा हसला असता. लोक हसले असते तर तेही चाललं असतं, असं पुढे तिला फार वाटलं. पण तेव्हा लाज वाटली.

न सांगण्याचा परिणाम असा झाला, की सगळा पाडा तिला खायला घालायला लागला. भावाला शरीरातला अवयव काढून देणारी बहीण. तिच्या अंगात रगत नको? म्हातारी धोंडीबाई घरातला एकुलता एक कोंबडा बगलेत मारून दारात आली.

“धोंडीबाय, याला कशाला आणलंस? तुझ्याकडे बांग कोण देणार?”

“माझा म्हातारा खोकतो की पहाटेपासून. तेवढी बांग पुरते,” धोंडीबाई म्हणाली. “तू रस्सा पी. बाईमाणसाने अंगातलं असं काढून द्यायचं म्हणजे खेळ हाय काय?”

कुणी गावठी अंडी आणली, कुणी गूळ घालून नाचणीचे लाडू केले, कुणी वालाची उसळ वाटीभर वर तेल सोडून पाठवली. डोंगरात कुणाच्या घरून आलेलं परत पाठवत नाहीत. परत पाठवलं तर त्या घराचा अपमान होतो, आणि चंद्राला तर ठाऊक होतं की यातलं एकेक अंडं कुणाच्या पोराच्या तोंडचं होतं. तिने ती अंडी शिजवून अंगणवाडीत पोरांना वाटली. तेव्हा आया रागावल्या आणि तिच्यासमोर बसून तिला खायला लावू लागल्या.

“किडनी काढल्यावर डॉक्टर ती तोलून बघतात काय गं?” सुकरीने एकदा विचारलं.

“कशाला?”

“नाय, भारी निघाली पायजे. आपल्या पाड्याची लाज हाय.”

चंद्रा पहाटे उठून टेकडीला वळसा घालून चालायला लागली. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या माघ्याने बांधावरून हाक घातली, “चंद्राबाय, गुरं हरवली काय?” मोहाची फुलं वेचायला निघालेय, असं ती म्हणाली. मग दुपारी माघ्याच्या बायकोने टोपलीभर मोहफुलं घरी आणून टाकली, बायने आता उतारावर वाकू नये म्हणून. चालणं तसं थांबलं नाही, पण मन लावून झालंही नाही.

भात मात्र तिने कमी केला होता. चार-पाच दिवस नीट जायचे. मग नाशिकहून रक्ताचा रिपोर्ट यायचा, किंवा मंगेशचा चेहरा सकाळी सुजलेला दिसायचा, आणि पोरं घरी गेल्यावर चंद्रा खिचडीच्या पातेल्यापाशी उभी असायची, डावाने खरवड काढून खात. उभ्यानेच. चव घेत नसे. पातेलं रिकामं झालं की भानावर येई.

“बस तरी खाली,” सुकरी म्हणायची. “कुणी हिसकून घेतंय काय?”

तिचं खरं पानिपत व्हायचं ते नाशिकला. मंगेशच्या मशीनच्या दिवशी ती रजा टाकून त्याच्याबरोबर जायची, कारण कविताला पोरं आणि शेत सोडून निघता येत नव्हतं. मंगेशला पाणी मोजून, मीठ जवळजवळ नाही, केळं नाही, टोमॅटो नाही. खाण्यापिण्यात ज्याचा जीव, त्या माणसाच्या ताटात आता नुसतं पांढरं काहीतरी असे. मशीनवर जाण्याआधी तो तिला समोरच्या मिसळीच्या दुकानात घेऊन जायचा. स्वतः काही घ्यायचा नाही. तिच्यासाठी मिसळ सांगायचा, वर भजी सांगायचा आणि समोर बसून बघायचा.

“नको रे. मला भूक नाय.”

“खा तू. मी वास घेतो.”

“तुझ्यासमोर मी कशी खाऊ?”

“तूच खायची. लहानपणी तू मला तुझी भाकर द्यायचीस आणि मी शेतावर खाल्लं म्हणून सांगायचीस. तुला काय वाटलं, मला कळत नव्हतं? शेतावर कसली भाकर? कळायचं मला. पण भूक लागलेली असायची, म्हणून मी गप बसायचो.” तो पाव तोडून तिच्या ताटात ठेवायचा. “आता माझ्या वाटणीचं तू खा. माझं पोट भरतं बघून.”

चंद्रा खायची. रस्सा तिखट म्हणून डोळ्यांत पाणी येतं असं दाखवायची. नंतर तो आत मशीनला जोडला गेला की ती बाहेरच्या बाकावर बसायची. काचेतून त्याच्या हातातून निघणारी रक्ताची लाल नळी दिसायची. ती दिसली की हात पिशवीत जायचा. शेंगदाणे, बिस्किटं, जे असेल ते. चार तास.

हर्षदाचा फोन महिन्यातून एकदा यायचा. “किती झालं, ताई?” चंद्रा पहिल्या खेपेला खरं बोलली. दुसऱ्या खेपेला एक किलो कमी सांगितला. तिसऱ्या खेपेला, आषाढात, काट्यावर ब्याऐंशी दिसत होते आणि तिच्याने खोटं बोलवेना. तिकडून हर्षदाने आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाली, “ताई, मी रागवत नाहीये. पण त्यांच्याकडे फार वेळ नाही हो.”

आवणीचे दिवस होते. चंद्रा आणि कविता गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावत होत्या. मंगेश बांधावर छत्री घेऊन बसलेला असायचा, पण त्या दिवशी त्याला बरं नव्हतं, तो घरीच होता. कविताची लावणी एरवी झपझप चालायची. त्या दिवशी ती सारखी थांबत होती.

“ताय, एक सांगू? रागावशील.”

“सांग की.”

“आमचे हे तुला मुद्दाम खायला घालतात.”

चंद्रा वाकलेलीच राहिली. कविता हातातली जुडी सोडवत, तिच्याकडे न बघता बोलत होती. मंगेशने चैत्रातच त्या हर्षदामॅडमला फोन केला होता. एवढा वेळ का लागतोय म्हणून विचारलं होतं. त्याला सगळं माहीत होतं. अडुसष्ट माहीत होतं. डॉक्टर मशीनवर बसायचं काय म्हणाले तेही माहीत होतं. घरी येऊन त्याने कविताला पोरांची शपथ घातली होती.

“म्हणाले, बाय बारीक झाली की तिला कापतील. होऊच द्यायची नाय बारीक.”

“आणि तू गप बसलीस?” चंद्रा सरळ झाली. “तुझा नवरा हाय तो, कविता.”

“माझे हायत म्हणूनच सांगते. मला ते पायजेत. रोज वाटतं सांगावं, रोज शपथ आडवी येते.” कविताने चिखलाचा हात कपाळाला लावला. “आणि तू पण गप बसलीस ना, ताय. आम्हाला वजनाचं कुठे सांगितलंस?”

रोपं तशीच टाकून चंद्रा घरी आली. मंगेश पडवीत घोंगडीवर पडला होता. तिच्या पायांचा चिखल बघून त्याला कळलं असावं. उठून बसला.

“कविताने सांगितलं वाटतं.”

“मी तुझ्या जिवासाठी भात सोडते आणि तू मला भजी चारतोस?”

“कुठे सोडलास भात? मॅडमला विचारलं मी, ब्याऐंशी झालीस,” मंगेश म्हणाला. त्याही वेळी त्याच्या तोंडावर हसू होतं.

“हसू नको. दात पाडीन.”

“बाय, ऐक.” तो हळूहळू बोलला, दम घेत. “मशीनवर बसणं काय असतं, ते मला म्हाईत हाय. रक्त बाहेर जाताना हातपाय गार पडतात. तहान लागते, पाणी समोर असतं, पिता येत नाय. तुला साखर हाय म्हणतात. उद्या तुझी उरलेली एक बिघडली, तर तुला तिथं कोण घेऊन जाणार? मी काचेतून बघू? माझ्याने व्हायचं नाय.”

“आणि माझ्याने होतं काय? मी बघतेच ना काचेतून?”

मंगेशने घोंगडी पायांवर ओढून घेतली.

“पोरांना काय सांगू मी? तुमचा बा का गेला? आत्याला मिसळ आवडायची म्हणून?”

मंगेशने तोंड फिरवलं. चंद्राने आयुष्यात त्याला कधी मारलं नव्हतं, त्या दिवशी मारावंसं वाटलं. मग तो म्हणाला, “तुझी एक भाकर घेतली ती अजून पचली नाय मला. आता किडनी कशी घेऊ?”

“ती भाकर मी दिली होती. तू घेतली नव्हतीस.”

संध्याकाळी कविता परतेपर्यंत दोघं तशीच बसून होती. शेवटी मंगेश म्हणाला, “बरं. उतर अडुसष्टला. मग आडवा नाय येणार.”

दुसऱ्या दिवशी चंद्राने अंगणवाडीत बाया जमवल्या आणि सगळं सांगून टाकलं. ऐकून बाया आधी हसल्याच. धोंडीबाई तेवढी हसली नाही. “माझा कोंबडा गेला की गं फुकट,” ती म्हणाली, “आणि वर भावाच्या वाटेत काटा झाला.” मग सुकरीने पाड्याला दम भरला. चंद्राबायच्या घरी कुणी काही पाठवलं तर गाठ माझ्याशी. पातेल्यातली खरवड सुकरी आता स्वतः घासून काढायची आणि चंद्राच्या हातात ताकाचा गडू द्यायची. पहाटे माघ्याची बायको तिच्याबरोबर चालायला येऊ लागली. चालताना बोलायची सोय झाली, आणि ज्या काळजीवर तोंडात काहीतरी टाकावंसं वाटायचं ती काळजी तोंडातून बाहेर पडायला लागली. चंद्राला नवल वाटलं. हे इतकं सोपं होतं तर इतके दिवस का केलं नाही?

नाशिकला मिसळीच्या दुकानासमोरून दोघं जायची तेव्हा मंगेश म्हणायचा, “बघू बरं, राहवतंय काय.” ती त्याच्या दंडाला धरून पुढे न्यायची. श्रावणात वजन उतरायला लागलं. भाद्रपदात काट्याने शहात्तर दाखवलं. हर्षदाला फोन केला तर ती म्हणाली, असंच चालू ठेवा, आता दिवाळीनंतर मीच फोन करते, मग तपासण्या घेऊ.

गौरी गेल्या आणि मंगेशला ताप भरला. पावसाळी ताप, पाड्यात घरोघर होता. दुसरी माणसं काढा पिऊन उठली. मशीनवर जगणाऱ्या शरीराला तेवढंही झेपत नाही, असं नाशिकचे डॉक्टर म्हणाले. पोश्याने जीप किती जोरात नेली, त्र्यंबकच्या घाटात समोरचं दिसत नव्हतं तरी कसा थांबला नाही, हे तो पुढे कितीतरी दिवस सांगत राहिला, जणू त्यातच काही राहून गेलं होतं. मंगेश शेवटपर्यंत शुद्धीत होता. चंद्रा उशाशी होती. तो काही खास बोलला नाही. पोश्याला म्हणाला, “परत जाताना ब्रेक बघून घे, लागत नायत नीट.”

त्यानंतर चंद्राची भूक मेली. तिला वाटलं होतं, वांगणीला झालं तसंच होईल, आपण खात सुटू, लोक नावं ठेवतील. तसं झालं नाही. बाराव्याचा घास तोंडात घोळत राहिला, गिळवेना. ती अंगणवाडीत जायची, पोरांना वाढायची, खरवडीचा वास यायचा आणि हात जागचा हलायचा नाही. आता तर भाताला कुणाची ना नव्हती. बाया पुन्हा वाट्या पाठवू लागल्या. धोंडीबाईने अंडी आणून दिली. चंद्रा घ्यायची, झाकून ठेवायची, आणि सकाळी ती कविताची पोरं खायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. चोळ्या सैल झाल्या. कविताने न विचारता त्या उसवून पुन्हा शिवल्या.

कार्तिकात नाचणी खळ्यावर आली. चंद्रा खळ्याच्या कडेला बसून कणसं निवडत होती तेव्हा फोन वाजला. हर्षदा होती. मधल्या काळात मुंबईला कुणी काही कळवलंच नव्हतं. कळवायचं कुणाला सुचलं नाही.

“ताई, दिवाळी झाली. किती झालं आता वजन?”

चंद्राने परवाच्या वजनाच्या दिवशी काट्यावर पाय ठेवला होता. का ठेवला, तिलाच ठाऊक नव्हतं.

“सहासष्ट,” ती म्हणाली.

“काय सांगता ताई. मी म्हटलं नव्हतं, मनावर घेतलं की होतं? मी आजच डॉक्टरांना सांगते. पुढच्या आठवड्यात दोघं या.”

चंद्राने पलीकडे बघितलं. कविता पाठमोरी, काठीने कणसं झोडत होती.

“मनावर नाय घेतलं, बाई,” ती म्हणाली. “भाव गेला माझा. भादव्यातच गेला.”

हर्षदाने अगदी हळू विचारलं, “ताई, तुम्ही जेवता ना?”

“भूकच लागत नाय.”

“थोडं थोडं खात जा. जबरदस्तीने का होईना. ऐकाल ना?”

“बघते,” चंद्रा म्हणाली आणि फोन ओटीत ठेवला.

कणसं तशीच मांडीवर राहिली. तिला कसाऱ्याची ती एसटी दिसत होती. मंगेशने विचारलं होतं, काय म्हणाले गं बाय. तिथेच जर तिने सांगितलं असतं, अडुसष्ट म्हणालेत, मंग्या, आणि माझ्याने होत नाय, तर तो तिथेच भांडला असता. मी घेणार नाय म्हणाला असता. तिनेही आवाज चढवला असता. एसटीतली माणसं वळून बघत राहिली असती, कंडक्टर मध्ये पडला असता. पण खोडाळा येईपर्यंत भांडण संपलं असतं, आणि मोखाड्याला उतरताना दोघांना माहीत असतं की उद्यापासून काय करायचं. हातात सगळा उन्हाळा होता. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ आणि वर निम्मा आषाढ. एकमेकांपासून लपवून एकमेकांना जपण्यात ते दिवस गेले.

“ताय,” कविताने हाक मारली, “कणसं देतेस ना इकडे?”

चंद्रा गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मांडीवरची कणसं पदरात घेऊन खळ्यावर गेली.